अंबारीचा नऊ नंबर

"इंद्रजित साळोखे," मी म्हणाले.

सत्यानं मिसळीच्या कटात बुडवलेला पाव तसाच हातात धरून ठेवला. तौफिक मोबाइलवर नावं लिहून घेत होता, त्याचा अंगठा थांबला. कॉलेजच्या कॅन्टीनमधलं आमचं कोपऱ्यातलं टेबल सगळ्यात गोंगाटाचं, पण आता तिथली बाकीची पोरंही वळून माझ्याकडं बघायला लागली.

"कोण?" सत्यानं विचारलं.

"कानात बोळे घातलायस काय? इंद्रजित साळोखे. अंबारी तालीम, नऊ नंबर. माझी पाळी हाय, मी घेतलो त्याला. तौफ्या, लिही."

आमच्या कोल्हापुरात मुलीही 'मी आलो, मी गेलो' असंच बोलतात. पुढं पुण्यात नोकरीला लागल्यावर लोक हसायला लागले, पण मी काही ते सोडलं नाही. लिहिताना तेवढं शुद्ध लिहिते.

"देव्या, चेष्टा बास," सत्या म्हणाला. माझं नाव देवयानी, पण सत्यानं पाचवीत देव्या केलं ते कायमचं.

"चेष्टा कुठली? नियमात बसतंय का न्हाई, तेवढं सांग."

नियमात बसत होतं, आणि गोम तिथंच होती. नियम सत्यानं स्वतः केले होते.

त्याआधी दोन वर्षं आम्ही फोनवर परदेशी फुटबॉल क्लबांची फँटसी लीग खेळत होतो. दर आठवड्याला आपापले खेळाडू निवडायचे, त्यांनी खऱ्या मॅचमध्ये गोल मारला की आपल्याला पॉइंट, आणि मग आठवडाभर एकमेकांची उतरवायची. त्या वर्षी सत्याच्या डोक्यात आलं की त्या गोऱ्या पोरांवर कशाला जीव टाकायचा, आपल्या स्टेडियमवर आपल्या पेठांच्या तालमी खेळतात, त्यांचीच लीग करू. प्रत्येकानं आळीपाळीनं पाच खेळाडू घ्यायचे, एकानं घेतला तो दुसऱ्याला मिळायचा नाही. एकाला कॅप्टन करायचं, त्याचे पॉइंट दुप्पट. सीझनच्या शेवटी जो जिंकेल त्याला बाकीच्यांनी वर्षभर 'मालक' म्हणायचं. वर्गातली आणखी तीन-चार टाळकी हौसेनं आली होती, पण खरी चुरस मी, सत्या आणि तौफिक यांच्यातच होती. आम्ही तिघं एकाच पेठेतले.

सकाळीच सत्यानं शेवटचा नियम सांगितला होता. आपल्या खेळाडूनं गोल मारला की बाकीच्यांनी भर गॅलरीत उभं राहून त्या खेळाडूचं पूर्ण नाव घेऊन ओरडायचं. बसून नाही, पुटपुटून नाही. "गळा बसला पायजे," असं तो हसत हसत म्हणाला होता. त्याला आमच्याकडून आपल्या चुलतभावाचं, राजवर्धन इंगवलेचं, नाव ओरडून घ्यायचं होतं. पहिल्याच पाळीला त्यानं राजवर्धनला घेऊन कॅप्टन करून टाकलं होतं.

सगळं लिहिलं, फक्त एक गोष्ट लिहायची राहिली. अंबारीचा खेळाडू कुणी घ्यायचा नाही, हे कुठंच लिहिलेलं नव्हतं. लिहायची गरज आहे असं आमच्या पेठेतल्या कुणाच्या डोक्यातच आलं नसतं.

आमची तालीम म्हणजे चांदसूर्य. आखाड्यात आता कुस्ती होत नाही, तिथं फुटबॉलच्या जाळ्या आणि लाल-पिवळ्या जर्सीचे गठ्ठे पडलेले असतात, पण तालीम ती तालीमच. बाजाराच्या पलीकडं अंबारी तालीम, हिरव्या जर्सीवाली. चांदसूर्य-अंबारी मॅच असली की पेठेत दुकानं लवकर बंद होतात आणि लग्नाच्या तारखा पुढं ढकलतात. अशा पेठेतून माझा सख्खा मोठा भाऊ इंद्रजित त्या सीझनला उठून अंबारीत गेला होता.

"त्याचं नाव पेठेत बंद हाय," सत्या हळू आवाजात म्हणाला.

"कुणी केलं बंद?"

"तुला ठावं हाय."

"तुझ्या वडलांनी केलं. सरळ सांग की."

सत्याचे वडील, इंगवले काका, तालमीचे अध्यक्ष. तौफिकनं आळीपाळीनं आमच्या दोघांची तोंडं पाहिली.

"लिहू?" त्यानं विचारलं.

"लिही," मी म्हणाले. "आणि कॅप्टन पण त्यालाच कर."

*

आता दादा का गेला ते सांगते, म्हणजे मी त्या दिवशी एवढी का पेटले होते ते कळेल.

आदल्या वर्षी चांदसूर्यसाठी सगळ्यात जास्त गोल दादानं मारले होते. फायनलला त्याला बाहेर बसवलं. इंगवले काकांच्या पुतण्याला, राजवर्धनला, मोठ्या मॅचमध्ये चमकवायचं होतं. तालीम हरली. चार दिवसांनी मीटिंग झाली, त्यात ठरलं की इंद्रजित साळोखेच्या तोंड पाडून बसण्यामुळं टीमचा जोश गेला. बाकावर बसलेल्या माणसानं मॅच हरवली! दादा त्या मीटिंगमध्ये एक अक्षर बोलला नाही. नव्या सीझनची नोंदणी सुरू झाली तसा तो गेला आणि अंबारीसाठी सही करून आला.

दुसऱ्या दिवशी तालमीतल्या भिंतीवरून त्याचा फोटो उतरला. त्यानंतर पेठेत त्याचं नाव कुणी घेईना. त्याच्याबद्दल बोलायचंच झालं तर 'तो', नाहीतर 'अंबारीचा नऊ नंबर'. ज्या बायकांनी त्याला अंगाखांद्यावर खेळवलं त्याही 'तुझा भाऊ' म्हणायला लागल्या.

ते मी सोसलं असतं. पण घरातही तेच झालं.

आमचे आबा तरुणपणी चांदसूर्यचे डावे ब्याक, म्हणजे डावीकडचे बचावपटू. जुनी माणसं अजून सांगतात की ऑफसाइडची लाइन धरावी तर शंकर साळोखेनं. पास सुटताना फॉरवर्ड शेवटच्या ब्याकच्या पलीकडं असला की ऑफसाइड, त्याचा गोल धरत नाहीत. आबांनी हात वर केला की समोरचा फॉरवर्ड अडकलाच समजायचं. दादानं सही केली त्या संध्याकाळी आबा त्याला एवढंच म्हणाले, "तू माझ्यावर चालून येणार तर," आणि त्यानंतर बोलणं बंद. एकाच घरात राहून सगळं आईच्या मार्फत. "तुझ्या लेकाला सांग, नळ गळतोय." "तुझ्या लेकाला सांग, गाडी आत लाव." दादा दोन हातांवर उभा असला तरी निरोप आईकडूनच जायचा. आई बिचारी दोघांच्या मध्ये उभी राहून इकडचं तिकडं करायची. दादा ताट घेऊन बाहेरच्या खोलीत जेवायचा, आबा आत. मला त्या जेवणाचा इतका संताप यायचा की कधीकधी मी अर्ध्यावर उठायचे.

कॅन्टीनमधून घरी आले तेव्हा दादा मागच्या दारी नळाखाली बूट धूत बसला होता. मी त्याला लीगचं सांगितलं.

"माझं नाव काढ," तो म्हणाला.

"का?"

"मला कुणाची दया नको."

"दया? तुला गोल मारायला घेतलंय. नाही मारलास तर काढून टाकतो, काळजी करू नकोस."

तो थोडासा हसला. मग बुटावरचा चिखल काडीनं खरवडत म्हणाला, "तुझे दोस्त तुटतील, देवे. सत्या शेजारचा पोरगा हाय. हे वर्ष मी कसंतरी काढतो. मग बास करणार हाय."

"काय बास?"

"खेळणं. पुण्यात एक नोकरी बघितलीय."

तो चोवीस वर्षांचा होता आणि त्याच्याइतका चांगला फॉरवर्ड त्या वेळी अख्ख्या शहरात नव्हता. हे मी बहीण म्हणून सांगत नाही. पॉइंट काढून बघा.

*

सीझन सुरू झाला आणि दादा मारत सुटला. हिरव्या जर्सीत त्याला बघणं मला पहिल्यांदा नको वाटलं, ते कबूल करते. नंतर सवय झाली. अंबारीची मॅच असली की आमची पेठ समोर जी कुठली टीम असेल तिच्या बाजूनं ओरडायला जायची, त्यामुळं आम्ही तिघं प्रत्येक मॅचला गॅलरीत हजर असायचो.

आणि इथं सत्याचा इरसालपणा बघा. दादाच्या पायात बॉल आला की सत्याला तहान लागायची. गोल व्हायच्या बेताला तो पायऱ्या उतरून शेंगदाणे आणायला गेलेला असायचा. एकदा फोन कानाला लावून बसला आणि गोल झाल्यावर मला हातानं 'थांब, थांब, महत्त्वाचा फोन आहे' असं दाखवत राहिला. फोनचा स्क्रीन काळा होता.

"नाव घे की," मी त्याला म्हणायचे.

"घसा बसलाय."

"राजवर्धनच्या गोलाला बरा उघडला होता."

"तवा चहा घेतला होता."

तौफिक मात्र इमानदार. तो उभा राहायचा, दादाचं पूर्ण नाव घ्यायचा, पण इतक्या हळू की त्याच्या शर्टाच्या कॉलरला तेवढं ऐकू जावं. नंतर मला म्हणायचा, "देव्या, मला पेठेतच, बागवान गल्लीत राहायचंय गं." मी त्याला सोडून द्यायचे. पॉइंट मात्र तो चोख लिहायचा.

राजवर्धनच्या गोलाला मी मनापासून ओरडायचे. पूर्ण नाव, उभं राहून, घसा फाटेपर्यंत. सत्याला ते आवडायचं नाही, कारण मी असं ओरडत राहिले की त्याचं गप्प राहणं उघडं पडायचं.

सीझनच्या शेवटाला सत्या आणि मी इतके जवळ आलो की वर्गातली बाकीची पोरं आमच्या दोघांवर पैजा लावायला लागली. सत्या थोडा पुढं होता. शेवटची मॅच चांदसूर्य विरुद्ध अंबारी. राजवर्धननं मारला तर सत्या मालक, दादानं मारला तर मी.

"एक गोष्ट सांगतो," सत्या मला कॉलेजच्या गेटवर म्हणाला. "उद्या आपण आपल्या गॅलरीत बसणार. तिथं नियम-बियम काढू नकोस. पॉइंट घे, काय घ्यायचं ते घे."

"नियम कुणाचा हाय?"

"माझा हाय म्हणूनच सांगतोय. बाबा समोर बसतात. सगळी पेठ असती तिथं."

"मग बरंच झालं की," मी म्हणाले. "सगळ्यांना ऐकू जाईल."

"तू सुधारणार न्हाईस."

"तू सुधार."

*

मॅचच्या दिवशी सकाळी दादा पायाला पट्टी बांधून बसला होता.

"काय झालं?"

"मुरगळला."

"कधी? काल रात्री तर जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढून आलास."

तो पट्टीचं टोक आत खोचायला लागला. पट्टी चांगली घट्ट बांधलेली होती, आईनं बांधून दिली असावी. आईलाही तो खेळायला नकोच होता.

"आबा गॅलरीत असणार," तो शेवटी म्हणाला. "त्यांच्यासमोर त्यांच्या तालमीवर जाऊ चालून? देवे, मी कोचला फोन करून सांगणार हाय. हे एवढं नको."

मी त्याच्या समोर जाऊन उभी राहिले.

"दादा, तू चोरी केलीयस?"

"काय?"

"केलीयस काय चोरी? वर्षभर या घरात तू चोरासारखा जेवतोयस. बाहेरच्या खोलीत, खाली मान घालून. मला आज सांगून टाक, कुणाचं काय चोरलंस. मग मी पण तुझं नाव टाकतो."

"कुणाचं काय न्हाई चोरलं."

"मग सोड ती पट्टी."

"आबा—"

"आबांना वाटतंय तू त्यांच्यावर चालून येणार. तर ये की चालून! त्यांना बघू दे तू कसा खेळतोस. पाय मुरगळला म्हणून घरी बसलास तर काय म्हणतील ठावं हाय? मीटिंगमध्ये बरोबर ठरलं होतं म्हणतील. मोठ्या मॅचला साळोखे चालत न्हाई."

तो मला मारणार असं क्षणभर वाटलं, लहानपणी मारायचा तसं. मग त्यानं पट्टीचं टोक शोधलं आणि ती सोडायला लागला. मी तिथं थांबले नाही. थांबले असते तर रडले असते.

*

आमची गॅलरी लाल-पिवळी झाली होती. हलगी वाजत होती. खाली पहिल्या रांगेत इंगवले काका पांढऱ्या कपड्यांत, शेजारी कमिटी. वर अगदी शेवटच्या रांगेत जुने खेळाडू बसायचे, आबा त्यांच्यातच, हाताची घडी घालून. आम्ही तिघं मधोमध. समोर मैदानापलीकडं हिरवी गॅलरी. टीम मैदानात आल्या तेव्हा आमच्या पोरांनी नऊ नंबरला जी शिवी दिली ती मी इथं लिहीत नाही. त्यात आमची आई होती, आणि ती आई माझीही होती.

पहिला हाफ कोराच गेला. राजवर्धननं एक सोपा चान्स बाहेर मारला तेव्हा सत्यानं स्वतःच्या कपाळावर हात मारून घेतला आणि मी मुद्दाम त्याच्या पाठीवर थाप मारली.

"अजून अर्धा तास हाय, मालक व्हायची घाई करू नको," तो दात खाऊन म्हणाला.

मॅच संपायला थोडाच वेळ उरला होता तेव्हा ते झालं. मधून पास सुटला. चांदसूर्यचे ब्याक पुढं सरकले आणि तिघांनी हात वर केले. दादा त्यांच्यामधून निघाला, बॉल पायात घेतला, गोली पुढं आला तसा त्याच्या उजवीकडून सरळ जाळ्यात सारला. लाइनमनचा झेंडा खालीच होता. पंचांनी मधल्या वर्तुळाकडं हात केला. गोल.

"ऑफसाइड! ऑफसाइड!" अख्खी गॅलरी उभी राहिली. शिव्या, शिट्ट्या, सगळं झालं. पंचांनी निर्णय काही बदलला नाही. हळूहळू लोक खाली बसले आणि हलगी बंद पडली. पलीकडं हिरवी गॅलरी नाचत होती. दादा नाचला नाही, त्यानं हात वर केला नाही. जाळ्यातला बॉल स्वतः काढला आणि मान खाली घालून मधल्या वर्तुळाकडं चालत गेला.

"सत्या," मी म्हणाले, "ऊठ."

"गप बस, देव्या."

"ऊठ. नाव घे."

"घरी गेल्यावर घेतो. शंभरदा घेतो."

"घरी न्हाई. हितं. उभं राहून."

"बाबा बघतायत." त्याचं तोंड लाल झालं होतं. "तुला कळतंय का काय मागायलायस?"

मला कळत होतं. दुसरं काही मला त्या वर्षात कळतच नव्हतं. कॅन्टीनमध्ये सकाळी सत्यानं तो नियम सांगितला, तेव्हाच मी ठरवलं होतं की दादाला घ्यायचं. पॉइंटांचं मला काही पडलं नव्हतं, मालक होण्याचंही. मला आमच्या गॅलरीत, आमच्या पेठेच्या तोंडून त्याचं नाव ऐकायचं होतं. ज्यांनी ते बंद केलं त्यांच्याच समोर.

सत्या उठला नाही. मग मी उठले.

"इंद्रजित शंकर साळोखे!" माझा आवाज त्या शांततेत असा काही गेला की मलाच दचकायला झालं. मग मी पुन्हा ओरडले, आणखी मोठ्यानं. "इंद्रजित शंकर साळोखे!"

माना वळल्या. खालून कुणीतरी म्हणालं, "कोण हाय रं ती? बसवा तिला."

"मी बसणार न्हाई."

"कुणाची गं तू?"

"शंकर साळोख्यांची! ज्यानं गोल मारला त्याची बहीण. याच पेठेत जन्मलाय तो, याच आखाड्यात शिकलाय. तुम्ही बाहेर काढलासा म्हणून तिकडं गेला. आता नाव घ्यायला लाजता कशाला? फायनलला बाकावर बसवताना लाजला न्हाईसा!"

इंगवले काकांनी मागं वळून पाहिलं. कुठून तरी पाण्याची पिशवी आली आणि माझ्या खांद्यावर फुटली. दुसरी तौफिकच्या डोक्यावरून गेली. मी खांदा पुसला नाही, तशीच उभी राहिले.

तेवढ्यात माझ्या शेजारी सत्या उभा राहिला.

"पिशवी कुणी मारली?" तो ओरडला. "कुणी मारली ती? आमच्यातला खेळ हाय हा, आमचा आम्ही बघतो!" मग त्यानं एकदा खाली आपल्या वडलांकडं पाहिलं, छाती भरून श्वास घेतला आणि अध्यक्षांच्या पोरानं चांदसूर्यच्या गॅलरीत नाव घेतलं. "इंद्रजित शंकर साळोखे!"

तौफिकही उठला. त्या दिवशी त्याचा आवाज कॉलरपाशी अडकला नाही.

इंगवले काका बराच वेळ सत्याकडं बघत होते. मग पुढं वळून बसले. सत्यानं खाली बसताना माझ्याकडं न बघता म्हटलं, "पॉइंट तुझे. पण आज घरी मला जेवायला मिळायचं न्हाई."

"आमच्याकडं ये."

"तुमच्याकडं कोण वाढणार हाय? तुमच्यात बोलत तरी कोण असतंय?"

मी वर शेवटच्या रांगेकडं बघितलं. आबांची जागा रिकामी होती. मॅच संपायच्या आधी आबा कधी उठून गेले नव्हते, माझ्या आठवणीत तरी नाही. तेवढ्यानं माझी सगळी रग उतरली.

*

घरी आले तेव्हा आबा आत पाटावर बसले होते. आई भाकरी थापत होती. आईनं माझ्या ओल्या खांद्याकडं पाहिलं, पण विचारलं काही नाही. पेठेतून बातमी आमच्याआधी घरी पोचलेली असणार.

दादा मागच्या दारानं आला. पिशवी ठेवली, हातपाय धुतले आणि रोजच्यासारखा आपलं ताट उचलून बाहेरच्या खोलीकडं निघाला.

"ऑफसाइड होतास," आबा म्हणाले.

आईचा हात भाकरीवर थांबला. ती निरोप न्यायला तयार होऊन आबांकडं बघत राहिली, पण 'तुझ्या लेकाला सांग' काही आलं नाही. दादा उंबऱ्यावर ताट घेऊन उभा. हे आपल्यालाच म्हटलंय हे त्यालाही कळेना.

"काय?"

"ऑफसाइड होतास म्हणतोय. पाऊलभर पुढं."

"नव्हतो, आबा."

"मला शिकवू नको. आयुष्यभर लाइन धरलीय मी. वरनं सगळं सरळ दिसतंय."

"वरनं दिसत असंल. पण तुमचा डावा ब्याक मागं राहिला होता. बाकीचे पुढं सरकले, तो झोपला."

"कोण झोपला?"

"डावा ब्याक. तुमच्या जागेवरचा."

आबांना ते झोंबलं. त्यांनी आपलं ताट बाजूला सारलं, चटणीची वाटी ओढली, मिठाची वाटी ओढली, लोणच्याची वाटी ओढली, मागं पाण्याचा तांब्या ठेवला. "हा गोली," ते म्हणाले. "हे तिघं ब्याक." आणि कांद्याची एक फोड घेऊन मिठाच्या वाटीच्या पुढं, तांब्याच्या बाजूला ठेवली. "आणि हा तू."

"कांदा मागं घ्या."

"कांदा हितंच होता."

दादा आला, समोर मांडी घालून बसला आणि त्यानं कांदा मागं सरकवला. आबांनी पुढं सरकवला. "तू निघालास लवकर. लहानपणापासनं तुझी ही खोड. पास सुटायच्या आधी निघतोस. मी तुला किती वेळा सांगितलंय?"

"वर्षभर कुठं सांगितलंय तुम्ही काय?"

आबांनी कांद्यावरचा हात काढला. मला वाटलं, संपलं. मग ते म्हणाले, "वर्षभर तुझ्या सगळ्या मॅच बघतोय. सगळ्यात तीच खोड."

आईनं आवाज न करता दादाचं ताट आबांच्या ताटाशेजारी आणून ठेवलं. "जेवा की आधी," ती म्हणाली, पण तिचं कुणी ऐकत नव्हतं. आमटी थंड होत होती आणि दोघं कांद्याच्या फोडीवर हात ठेवून भांडत होते. आबा गोल बरोबर मारला असं एकदाही म्हणाले नाहीत. दादानंही माफी मागितली नाही.

"देव्या!" आबांनी एकदम मला हाक मारली. "तू व्हतीस न्हवं मधोमध? पास सुटला तवा ह्यो कुठं होता? सांग ह्याला."

"सांग की," दादा म्हणाला.

दोघंही माझ्याकडं बघायला लागले. मी अगदी लाइनीत बसले होते. पास सुटला त्या क्षणी शेवटचा ब्याक कुठं होता आणि दादाचं पाऊल कुठं होतं, ते मला स्वच्छ दिसलं होतं. पण मी सांगितलं असतं तर दोघांपैकी एक जिंकला असता, आणि दुसरा गुमान जेवून, हात धुऊन उठून गेला असता. गप्प बसायची त्या घराला फार सवय झाली होती.

"मला दिसलं न्हाई," मी म्हणाले. "पुढं कुणीतरी उभं होतं."

"मग स्टेडियमवर कशाला जातीस?" आबा वैतागून म्हणाले आणि कांदा पुन्हा पुढं सरकवला.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. दादा पुण्याला गेला नाही. गुडघा जाईपर्यंत खेळला, हिरव्या जर्सीतच. सत्या अजून शेजारीच राहतो, आणि त्या वर्षाची लीग आपण ढिलाई केली म्हणून हातची गेली असं सगळ्यांना सांगत फिरतो. आबांना हल्ली नीट ऐकू येत नाही, पण त्या गोलाचा विषय निघाला की सगळं ऐकू येतं. आणि मला काय दिसलं ते मी कुणालाही सांगितलेलं नाही. तुम्हालाही सांगणार नाही.

यंदा दिवाळीला गेले तेव्हा दोघांनी पुन्हा विचारलंच. मी म्हटलं, "मला दिसलं न्हाई." आबांनी मान हलवली, दादानं शंकरपाळ्यांची ताटली पुढं ओढली आणि पुन्हा पहिल्यापासून ब्याक मांडायला घेतले.